मरिना कुणाचा, मैला कुणाचा

पाळी संपली की गोदीत हात धुवायला नळ शोधावा लागतो. समोर अख्खा समुद्र, पण हात धुवायच्याही लायकीचा राहिलेला नाही.

ह्याच मुंबई बंदरात मरिना होणार. २०२५ साली केंद्राच्या बंदर खात्याने मंजूर केला. खर्च ८८७ कोटी. १२ हेक्टर पाण्यात ४२४ याटी उभ्या राहणार. याट म्हणजे शेटजींची हौसेची नाव.

दोस्तांनो, मला मरिनाचा राग नाही. पण बांधायचाच तर धड बांधा. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. तिथं पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्काच पाहिजे. चहूकडून भिंती घालून डबकं केलंत तर गाळ बसणार, मग जन्मभर उपसत बसा. बुडाला कालवं चिकटू नयेत म्हणून नावेला विषारी रंग फासतात. त्यातला कथिलाचा, टीबीटीवाला, २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंद आहे. तांब्याचा चालूच आहे. तो खरवडायचा तर पक्क्या फरशीवर, धुवण टाकीत धरून. समुद्रात सोडून नाही.

आणि ४२४ याटींचे संडास? चांगल्या मरिनात काठावर पंप असतो. नाव लागली की नळी जोडायची, मैला थेट मलवाहिनीत. हात लागत नाही कुणाचा. आपल्याकडे पंपाचं उद्घाटन होतं, हार पडतो, महिन्याभरात पंपही पडतो. मग ठेकेदार कुठल्या वस्तीत माणूस शोधायला येतो, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख केली. मरणाचा दर वाढला. उतरवणं काही थांबलं नाही.

मी कारेगावचा, तालुका शिरूर. समुद्र गोदीत आल्यावरच पाहिला. पण टाकी लहानपणीच पाहिली. रांजणगाव एमआयडीसी आमच्या उशाशी. तिथल्या एका कारखान्याची टाकी साफ करायला माझा चुलता उतरला होता. जिवंत वर आला, पण दोन दिवस कुणाशी बोलला नाही. चुलती नुसती त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिली.

म्हणून मरिनाच्या निविदेत एवढं लिहून घ्या: पंप दोन, एक बिघडला तर दुसरा. टाकी बाहेरूनच धुता येईल अशी. आणि तिच्यावर माणूस मावेल एवढं झाकणच ठेवू नका.