त्या विमानात दोघे होते

मुक्तिदिन जवळ आला की आपण मुलांकडून पाठ करून घेतो: १८ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण आत बसलेल्या माणसांबद्दल एकही मूल विचारत नाही, कारण आम्हा शिक्षकांनीच ते कधी सांगितलं नाही.

याच जातीचं एक विमान चार वर्षांनी, २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री, पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. आत दोघे होते. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोव खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, वाचला आणि युद्धकैदी झाला. वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, फ्लाइंग ऑफिसर कपूर, मात्र गेला. त्या प्रकारच्या कॅनबेरात बाहेर फेकणारी खुर्ची फक्त वैमानिकाला होती. नॅव्हिगेटरने पॅराशूट बांधून, दरवाजा गाठून उडी घ्यायची. पेटलेल्या विमानात तेवढा वेळ कोण देतो? दोन दिवसांनी, २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं.

मला राहून राहून वाटतं, हे त्या तरुणाला ठाऊक असणारच. प्रत्येक उड्डाणाला आपल्याला ती खुर्ची नाही हे जाणूनच तो चढत असेल. एका क्षणाच्या शौर्यापेक्षा हे रोजचं धैर्य मला मोठं वाटतं.

कोणी म्हणेल, बॉम्ब टाकणाऱ्यासाठी कसली प्रार्थना? प्रश्न रास्त आहे. बॉम्बखाली मेलेलेही कुणाची तरी मुलंच. पण मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणजे युद्धाला दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे. आपण सिमितेरीत मेणबत्ती लावतो ती गुणपत्रिका पाहून लावत नाही.

पेडण्यात पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळी झेललेल्या कर्नैलसिंगांना आपण विसरलो नाही, कारण तिथे स्मारक आहे, दरवर्षी माणसं जमतात. तो पंजाबचा, पण आज आपला. कपूरसारख्यांची आठवण आपल्या गावांत कुठे होणार?

म्हणून डिचोली-पेडण्यातल्या फादरांना आणि शिक्षकांना एक विनंती. २ नोव्हेंबरच्या मिस्सेत युद्धात गेलेल्यांसाठी, दोन्ही बाजूंच्या, एक प्रार्थना असू द्या. आणि डिसेंबरात वर्गात बारा विमानं शिकवाल, तेव्हा पुढे एवढं जोडा: प्रत्येकात माणसं होती.

— एक निवृत्त शिक्षक, डिचोली