धरणातली मासळी कोणाची?

धरणाच्या पाण्यावरून आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत भांडणे होतात. त्या पाण्यातील मासळी कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कळव्यासारख्या खाडीकाठच्या गावाला तो परका नाही. ठाण्याच्या खाडीत कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी मिसळत गेले, कोळ्यांची मासेमारी आक्रसली आणि बाजारातील पाट्यांत गोड्या पाण्यातली रोहू, कटला आणि चिलापी दिसू लागली.

या मासळीचे राज्यातील एक मोठे आगर म्हणजे भीमेवरील उजनी. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा. कोयनेच्या अरुंद, खोल दरीतील पाण्यापेक्षा उजनीच्या पसरट, उथळ पाण्यात माशांचे खाद्य अधिक निपजते. (रोहित पक्षी तेथेही येतात, आपल्या खाडीतही, छायाचित्रे त्यांची छापतात, जाळे टाकणाऱ्याची नव्हे.)

रोहू, कटला, मृगळ या जाती साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत; त्यांची बोटुकली सोडावी लागते. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी मात्र अंडी तोंडात जपते व धरणातच वाढते. म्हणजे एकीला भांडवल लागते, दुसरी फुकट मिळते. बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकलीच उचलली गेली, तर सरकारी खर्चाने सोडलेले बीज पाण्यातच गेले म्हणावयाचे. मच्छीमाराला लोभी ठरविणे सोपे आहे. परंतु आज सोडलेला लहान मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार असेल, तर त्याने तो का सोडावा? ठेक्याचे अखेरचे वर्ष चालू असलेल्या ठेकेदाराचा हिशेबही याहून निराळा नसतो.

मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींच्या संघाला १९९६ पासून मासेमारीचा हक्क मिळाला होता. संघाने बीज सोडले, विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवली, विक्रीची व्यवस्था उभारली. हक्क आपलाच असल्याने राखणही आपलीच, हा त्यामागील सरळ हिशेब. २००६ नंतर त्या ठेक्याचे नूतनीकरण झाले नाही.

ठाणे जिल्ह्याची तहान भागविणाऱ्या भातसा व बारवी धरणांखालीही लोकांच्या जमिनी गेल्या आहेत. जलाशयांचे ठेके देताना विस्थापितांच्या व परंपरागत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क द्यावा आणि मुदत निदान दहा वर्षांची असावी. जाळ्याच्या आसावर देखरेख ठेवण्याचे काम त्याच संस्थांकडे सोपवून, वर्षाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचण्याची अट ठेक्यातच घालावी.