शाश्वततेचा पाया मनुष्यबळाचाच

नागपूर : कंपन्यांच्या शाश्वततेचा विषय निघाला की चर्चा बहुधा सौरऊर्जा, वृक्षारोपण आणि पाण्याचा पुनर्वापर यांपाशीच थांबते. मनुष्यबळ विभागाकडे मात्र भरती आणि वेतनपत्रकापुरतेच पाहिले जाते. हा दृष्टिकोन किती अपुरा आहे, हे नागपूरचाच औद्योगिक इतिहास सांगतो.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. कापूस जवळ होता, यंत्रेही होती. पण कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. जमशेटजी आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी सोयीसवलतींचा मार्ग धरला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई योजना सुरू झाली. भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये. या धोरणामागे औदार्याइतकाच व्यवसायाचाही विचार होता. अनुभवी कामगार टिकला, तरच उत्पादन टिकते.

याच गिरणीचा उत्तरार्ध मात्र वेगळा आहे. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. केवळ कल्याणकारी योजनांनी उद्योग तरत नाही. तंत्रज्ञान आणि बाजारपेठ बदलत असताना कामगारांना नव्या कौशल्यांसह पुढे नेणे, हेही मनुष्यबळ व्यवस्थापनाचेच काम आहे.

आता नियमांनीही हे मान्य केले आहे. 'सेबी'ने २०२२-२३ पासून आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. कायम आणि कायम नसलेले कामगार किती, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण काय, प्रशिक्षण कितींना मिळाले, याची माहिती त्यात द्यावी लागते. दुसरीकडे, कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या दोन टक्के निधीत केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च धरता येत नाही. म्हणजेच कामगारांचे हित हा दानधर्म नसून दैनंदिन कारभाराचा भाग आहे, हेच कायद्याला अभिप्रेत आहे.

बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधील उद्योगांनी यातून बोध घ्यावा. कारखान्याच्या आवारात झाडे किती लावली, हे सांगणे सोपे असते. आवारात काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला सुरक्षा, प्रशिक्षण आणि उद्याची हमी कितपत मिळाली, यावरच त्या उद्योगाच्या शाश्वततेची खरी कसोटी लागेल.