सुट्टीचं कारण : पाऊस

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे कुणीतरी ताम्हिणीचा प्लॅन टाकतं आणि तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कॅन्सल होतो. दुसरं म्हणजे टीमच्या ग्रुपवर पावसाळी प्लेलिस्ट फिरायला लागते. कांदाभजीचे फोटो, खिडकीच्या काचेवरून ओघळणारे थेंब, हातात कॉफीचा मग... सगळा ठरलेला मामला. नावं ठेवत नाहीये हं मी. मी स्वतः त्यात पुढे असते.

माझी यादी तशी जुन्या वळणाची आहे. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ पहिल्या नंबरवर. नव्वदीच्या शेवटी कॅसेटवर आलेला हा अल्बम माझ्या आधीच्या पिढीने अक्षरशः घासून संपवला आणि मग आमच्याकडे सोपवला. त्यानंतर ‘परख’मधलं लताबाईंचं पावसाचं गाणं. सिनेमा १९६०चा, संगीत सलील चौधरींचं. आणि ‘जैत रे जैत’ तर पूर्णच! १९७७ सालचा जब्बार पटेलांचा सिनेमा, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, हृदयनाथांचं संगीत आणि शब्द ना. धों. महानोरांचे. महानोर अजिंठ्याच्या बाजूला पळसखेड्यात शेती करायचे. २०२३च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा बाहेर पावसाळाच होता. त्यांचा पाऊस नुसता दिसत नाही, अंगाला मातीसकट लागतो.

मागच्या आठवड्यात ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकले होते, तेव्हा ही सगळी यादी ओळीने ऐकली. आणि एकदम लक्षात आलं, ‘जैत रे जैत’ सोडलं तर जवळपास प्रत्येक गाण्यात कुणीतरी नाहीये. पाऊस आहे, खिडकी आहे, आठवण आहे, पण ‘ते’ माणूस नाही. पावसात एवढी सगळी माणसं गायब का असतात?

हा प्रश्न पडायला एक खास कारण आहे. मी ज्या पावसात वाढले, त्या पावसात उलट सगळे हजर असायचे.

माझं गाव म्हणजे पोहरादेवीजवळचा एक तांडा. वाशीम जिल्हा, मानोरा तालुका. पोहरादेवी तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आम्हा बंजारा लोकांची ती काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, जगदंबा देवीचं मंदिर आहे. रामनवमीला लाखो लोक येतात, महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून. पण ती बातमीतली पोहरादेवी उन्हाळ्यातली. पावसातली पोहरादेवी वेगळीच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी, चपलेला किलोभर काळी माती, आणि देवळात निवांत दर्शन.

आमच्या पूर्वजांचा धंदा होता लदेणीचा. म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर वाहतूक करायची. एकेका तांड्याबरोबर शेकडो बैल, कधी हजारो. मोगलांच्या, मराठ्यांच्या, इंग्रजांच्या फौजांना धान्य पोचवलं ते या लोकांनी. आजच्या भाषेत लॉजिस्टिक्स कंपनीच म्हणा ना! फक्त ऑफिस चालतं-फिरतं. आठ महिने चालणं. पण पाऊस लागला की काळ्या मातीत बैलाचा पाय रुतायचा, नद्या भरायच्या, आणि अख्खा तांडा चारा-पाणी बघून एका जागी थांबायचा. वर्षातला थांबण्याचा सीझन एकच, पावसाळा.

पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, रस्ते झाले, लदेणी संपली. त्यात १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. बैल गेले, पण चालणं काही सुटलं नाही. आजही आमच्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घरांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी मागे राहतात. उन्हाळ्यात माणसं परततात, पेरणी होते, आणि मग श्रावणात काय होतं सांगू? तांड्यातल्या प्रत्येक घराचं कुलूप उघडलेलं असतं!

आमची तीज नेमकी तेव्हाच येते.

तीज म्हणजे लग्न न झालेल्या मुलींचा सण. नायकाची परवानगी घ्यायची, गहू भिजवायचे, छोट्या टोपल्यांमध्ये माती आणि शेणखत भरून त्यात ते पेरायचे. मग नऊ दिवस रोज पाणी घालायचं आणि गोल धरून गाणी म्हणायची. गव्हाचे कोंब सरसर वर येतात, पिवळट हिरवे, केसांसारखे मऊ. माझी टोपली विरळ उगवली म्हणून मी एका वर्षी जेवले नव्हते. शेवटच्या दिवशी लापसी होते, कोंबांचे तुरे नायकाच्या आणि म्हाताऱ्यांच्या पागोट्यात खोवतात आणि बाकीची तीज पाण्यात सोडतात. त्या वेळी मुली रडतात. नऊ दिवसांचं गवत ते, पण रडू खरंखुरं येतं. कारण सगळ्यांना माहीत असतं, पुढच्या तीजेला या गोलातल्या दोघीतिघी सासरी गेलेल्या असणार.

ही गाणी मी कॅसेटवर ऐकलेली नाहीत. ती ऐकायची गाणी नाहीतच. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने ती उचलायची. प्रेक्षक नावाची भानगडच नाही.

आता थोडं पुस्तकांबद्दल, कारण प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं.

यंदाच्या पावसाळ्यात मी दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. पहिली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ची. शाळेत धडा म्हणून भेटली होती, तेव्हा ती नुसती मेंढ्यांची गोष्ट वाटली. आता वाचली आणि शेवटाला गप्पच झाले. तरुण मास्तर एका धनगरवाडीत येतो, हळूहळू वाडीचा होतो, आणि मग पाऊसच येत नाही. दुष्काळ पडतो. एकेक घर मेंढरं घेऊन वाट धरतं आणि वाडी ओस पडते. ज्या वाडीसाठी मास्तरने एवढं केलं, ती डोळ्यांसमोर विरघळून जाते. पाऊस आला असता तर माणसं राहिली असती. बस, एवढीच गोष्ट.

दुसरी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. देशमुख आमच्या शेजारच्या बुलढाण्याचे. या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ भरपूर शिकलेला, पण नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत, म्हणून शेतात अडकलेला. यातला पाऊस रोमँटिक वगैरे अजिबात नाही. तो कर्जाच्या हिशोबात येतो आणि बियाण्याच्या पिशवीवर येतो. पुस्तक वाचताना मला आमच्या बापूंचा चेहरा दिसत राहिला, जूनमध्ये रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून आभाळाकडे बघणारा. तो माणूस आभाळाकडे बघत असला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम होता.

आणि मग आठवलं ‘मेघदूत’. कॉलेजात शांता शेळक्यांनी केलेला मराठी अनुवाद वाचला होता. कालिदासाचा यक्ष शिक्षा भोगतोय रामगिरीवर. अभ्यासक त्याला आपलं नागपूरजवळचं रामटेक मानतात, म्हणजे तोही विदर्भातच अडकलेला बिचारा! ढग दिसतात आणि त्याचा धीर सुटतो. का? उन्हाळाभर तर तो तिथेच होता. ढगांनीच असं काय केलं?

केलं असं, की पूर्वी पाऊस ही घरी परतण्याची डेडलाइन होती. व्यापारी, शिपाई, वाटसरू सगळे ढग भरायच्या आत घर गाठायचे, कारण नंतर रस्ताच बंद. पावसात सगळ्यांची माणसं घरी असायची. म्हणून ज्याचं माणूस आलं नाही, त्याला ते पावसात सगळ्यात जास्त टोचायचं. विरहाची गाणी पावसात का जमली ते आता कळलं? तीज आणि ‘मेघदूत’ एकाच घराची दोन दारं आहेत. एकात माणूस पोचलंय, दुसऱ्यात वाट बघणं चालू आहे.

आपल्या पिढीची गंमत अशी, की आपण दुसऱ्या दाराची गाणी ऐकतो आणि पहिलं दार विसरलोय. पाऊस आपल्याला थांबवत नाही, फक्त उशीर करतो. रेनकोट, कॅब, आणि अगदीच पाणी तुंबलं तर ‘वर्क फ्रॉम होम’. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई खरीखुरी थांबली. त्या रात्रीच्या गोष्टी मुंबईकर अजून सांगतात. त्यातल्या भयंकर आहेतच. पण अनोळखी लोकांनी घरात घेतलं, चहा दिला, रात्रभर गप्पा मारल्या, असंही बरंच काही असतं. थांबलं की माणसं दिसतात बहुतेक.

आमच्या हैदराबादच्या टीममध्ये एक मुलगी आहे. वर्षभर आम्ही इंग्रजीत मेल-मेल खेळलो. एकदा कॉलवर पाठीमागे तिच्या आईचा आवाज आला आणि मी खुर्चीतून उडालेच. ती आईशी आमच्या गोरबोलीत बोलत होती! ती तेलंगणातल्या तांड्यातली. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. आमच्या भाषेला स्वतःची लिपी नाही, तिच्याकडे ती तेलुगूत लिहितात, आमच्याकडे देवनागरीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकमेकींना आम्ही पत्रसुद्धा लिहू शकत नाही. पण तीजेच्या टोपल्या तिच्याकडेही असतात. त्या दिवशी मीटिंगचा अजेंडा राहिला बाजूला आणि आम्ही दोघींनी कुणाची टोपली दाट उगवायची यावर वीस मिनिटं घालवली.

पोहरादेवीत आता नगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय उभं राहिलंय. ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चांगलंच आहे. आमचा इतिहास कुणीतरी इमारतीत मांडला, याचा आनंद मला आहे. पण तीजेचं गाणं काचेच्या पेटीत कसं ठेवणार?

मी प्रयत्न केला होता. दादी गेली त्याला सहा वर्षं झाली. तिला सगळ्यात जास्त गाणी यायची. तिच्यानंतर आमच्या याडीला. गेल्या दिवाळीत मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून याडीसमोर ठेवलं आणि म्हटलं, “म्हण ना तीजेची.” तिने एक ओळ म्हटली आणि थांबली. फोनकडे बघत बसली. मग म्हणाली, “हा उचलत नाही ना गं ओळ. एकटीनं कशी म्हणू?”

मी उचलायला गेले. दुसऱ्या ओळीवर अडले. शब्द अर्धे येत होते, चाल पूर्ण येत होती. रेकॉर्डिंग एकूण चाळीस सेकंदांचं आहे.

तांड्यात तीजेच्या टोपल्या आता कमी होत चालल्यात. मुली शिकायला बाहेर पडल्या, माझ्यासारख्या नोकरीला लागल्या. याचं दुःख कसं करणार? याचसाठी तर बापूंनी ऊस तोडला. पण गोल छोटा झाला की गाणंही छोटं होतं. समोरची बाजू रिकामी पडली की ओळ तशीच हवेत राहते. नवऱ्यामुलीच्या निरोपाची ‘हवेली’, होळीची ‘लेंगी’, सगळ्यांचं तेच. लेंगी निदान डीजेवर तरी वाजते.

यंदा श्रावणात मी पाच दिवसांची रजा टाकली आहे. आमच्या सिस्टिममध्ये रजेचं कारण निवडावं लागतं. आजारपण, लग्न, वैयक्तिक, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकोनात लिहिलं, “पाऊस.” मॅनेजरने फोन करून विचारलं, “पूर आलाय का तिकडे?” म्हटलं, “नाही हो, सगळे घरी आलेत.” दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, “जा बाई.”

माझं लग्न अजून ठरलेलं नाही, त्यामुळे नियमाने मला टोपली पेरता येते. काकू यावर काय बोलणार आहेत ते मला आत्ताच ऐकू येतंय. ऐकून घेईन. गहू याडी भिजवणार आहे. मला फक्त दुसरी ओळ पाठ करून जायची आहे.