संगणकवाल्या लेकरांचा रविवार

आपल्या वस्तीत आता संगणकावर काम करणारी मुले-मुली घरटी नाही तरी गल्लीगणिक भेटू लागली आहेत. आजोबा गोदीत किंवा गिरणीत, वडील नगरपालिकेत नाहीतर रिक्षावर, आणि नात मालाडच्या काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर तपासते. तीन पिढ्यांत एवढा पल्ला गाठला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण आम्हाला आज या मुलांच्या पगाराविषयी लिहावयाचे नाही. पगाराची चर्चा आपल्या घरांतून पुरेशी होते. आम्हाला विचारावयाचे आहे ते एवढेच की, कामावरून आल्यावर हे मूल कोण असते? त्याला काय आवडते? आणि त्याच्या हातातल्या विद्येचा वस्तीला काय उपयोग होतो?

आम्ही पडलो कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. नालासोपारा किंवा विरारहून सकाळी आठला निघून रात्री नऊला घरी, असे पाच दिवस म्हणजे ६५ तास. जेवणखाण, आंघोळ, पाणी भरणे, बाजारहाट यांचे रोजचे तीन तास धरले तर २१. रात्री-अपरात्री साहेबांचा फोन आला, काम अडले, त्याचे ८ तास. बेरीज होते १४३. शिल्लक २५ तास. ज्यांना २०२० च्या टाळेबंदीपासून अधूनमधून घरून काम मिळते, त्यांचा गाडीचा वेळ वाचतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत साहेब थेट घरातच येऊन बसतो, त्याचे काय?

हे २५ तास जातात कुठे? बहुतेकांचे मोबाईलवर बोट फिरवण्यात. आम्ही मुलांना दोष देत नाही. विरार लोकलमध्ये एका पायावर उभे राहून आलेला जीव रात्री दुसरे काय करणार? पण आम्ही पाहतो, अशी कितीतरी मुले तिशीच्या आत गप्प झाली आहेत. घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, धाकट्याची फी, सगळे त्यांच्या खांद्यावर. घर त्यांच्याशी बोलते ते महिन्याच्या एक तारखेला.

या ठिकाणी एका माणसाचे उदाहरण द्यावेसे वाटते. अच्युत गोडबोले हे मूळचे सोलापूरचे. मुंबईच्या आयआयटीतून १९७२ साली केमिकल इंजिनीअर झाले. पुढे संगणकाच्या क्षेत्रात आले आणि पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत वरच्या पदांवर पोचले. पण ही झाली पगाराची बाजू. हाच माणूस तरुणपणी शहादा भागात (तेव्हा धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार) भिल्ल आदिवासींच्या चळवळीत गेला आणि दहा दिवस तुरुंगात राहिला. गाण्याची आवड, म्हणून रागदारीवर सुलभा पिशवीकर यांच्यासह 'नादवेध' लिहिले. विज्ञानावर 'किमयागार', अर्थशास्त्रावर 'अर्थात', मानसशास्त्रावर 'मनात' अशी पुस्तके साध्या मराठीत दिली. त्यांचा मुलगा स्वमग्न. ते दुःख त्यांनी घरात कोंडून ठेवले नाही. मुंबईत अशा मुलांसाठी 'आशियाना' ही संस्था उभी राहिली तिला त्यांनी हातभार लावला. हे सगळे त्यांनी 'मुसाफिर' या आत्मचरित्रात सांगितले आहे. आपल्या विहाराच्या वाचनालयात ते पुस्तक जरूर असावे.

कोणी म्हणेल, त्यांच्या घरी पुस्तके होती, गाणे होते. आमच्या चाळीत काय होते? आम्ही म्हणतो, होते की! वामनदादा कर्डकांना लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी मुंबईत मजुरी करता करता ते अक्षरे शिकले आणि त्यांची गाणी गावोगाव पोचली. आपल्या प्रत्येक वस्तीत एक गायनपार्टी होती. दिवसभर हमाली करून रात्री ढोलकीला हात घालणारी ती माणसे होती. आणि खुद्द बाबासाहेब? एवढ्या कामाच्या डोंगराखाली उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. छंद ही श्रीमंतांची चैन आहे, असे जर कोणी आपल्या पोरांना सांगत असेल तर तो आपलाच इतिहास विसरला आहे.

आता वस्तीच्या गरजेकडे वळू. पूर्वी शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर भरून कॉलेजच्या खिडकीत देत असत. २०१७ पासून महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. आई धुणीभांडी करते, बाप नाक्यावर उभा राहतो. त्यांनी तो कसा भरावा? मग सायबरवाल्याकडे शे-दोनशे रुपये मोजायचे, आणि तो घाईत काहीतरी टाकतो. आधार कार्डावर नाव एक, गुणपत्रिकेवर दुसरे. दाखल्याचा फोटो इतका मोठा की चढतच नाही. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नाही, म्हणून मंजूर झालेला पैसाही येत नाही. या एवढ्याशा गोष्टींपायी मुलीचे कॉलेज सुटते. आणि आपल्याच गल्लीत, चार दारे सोडून, दिवसभर दुसऱ्या देशांतल्या कंपन्यांच्या असल्याच चुका शोधून काढणारा तरुण राहतो! त्याला कोणी हाक मारली नाही. त्याच्याकडून जयंतीची वर्गणी मात्र चोख घेतली.

म्हणून आमची सूचना अशी. विहारात दर रविवारी दहा ते बारा एक टेबल मांडावे. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत तर नक्कीच. संगणक जाणणाऱ्या चौघांनी पाळी लावली तर एकेकाला महिन्यातून एकदाच बसावे लागेल. म्हणजे १०० तासांच्या शिलकीतून दोन तास. एवढेच!

टेबलावर बसणाऱ्याने काही पथ्ये मात्र पाळावीत. अर्जदार किंवा त्याचा पालक समोर असल्याशिवाय अर्ज पाठवू नये. पासवर्ड त्याच्याच वहीत लिहून द्यावा, आपल्याकडे ठेवू नये. मोबाईलवर आलेला ओटीपी त्याने स्वतः टाकावा. मूळ कागद हातोहात परत करावेत. आणि शेवटी पावतीची छापील प्रत हातात द्यावी. आम्हा कारकुनांचा अनुभव आहे की, पावती नसली की काम झालेच नाही असे समजतात.

आणखी एक मोठे काम या मुलांना करता येईल. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपली बहुतेक घरे रत्नागिरी, रायगड, मराठवाडा, खानदेशातून आलेली. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा कोतवाल बुकाचा उतारा गावच्या पेटीत, वाळवीच्या तोंडाशी. शिवाय केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पासून मिळू लागल्या त्या धर्मांतरित अनुसूचित जातीच्या नात्याने. म्हणून दाखल्यात मूळ जातीची नोंद नीट आहे की नाही हेही पाहावे लागते. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा असे कागद मोबाईलने नीट टिपून प्रत्येक कुटुंबाला त्याची प्रत द्यावी. पुढच्या पिढीचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

ज्यांना फॉर्मचा कंटाळा आहे त्यांनी छंदातून समाजाकडे यावे. ज्यांना फिरण्याची, फोटो काढण्याची आवड आहे त्यांना लोणावळा-माथेरान गाठायला नको. नालासोपारा पश्चिमेला 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा दगडी पेटी निघाली. तीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक ठेवलेल्या करंडकांत भिक्षापात्राचे तुकडे जपलेले होते, आणि भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला; नवव्याचा तुकडा १९५६ साली आपल्या वसईतल्या भुईगावला. या गोष्टी आपल्या शेजारच्या किती पोरांना ठाऊक आहेत? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्यावर कोणालाही लिहिता येते. एखाद्या रविवारी धम्मवर्गाच्या वीस मुलांना स्तुपावर न्यावे, फोटो काढावेत, खात्री करून माहिती लिहावी. मात्र वास्तूला हात लावू नये, रंग-शेंदूर काही फासू देऊ नये. ती संरक्षित आहे.

आता शेवटचे बोलणे आई-वडिलांशी. माऊली, तुमची मुलगी रविवारी डोंगर चढायला किंवा तबला शिकायला निघाली तर 'याचा संसाराला काय उपयोग?' असे विचारू नका. मुलगा सुट्टीच्या दिवशी आजोबांच्या कॅसेटमधली जुनी गाणी संगणकात भरत बसला तर त्याला आळशी म्हणू नका. आणि विहारात जायला निघालेल्या सुनेला स्वयंपाकासाठी अडवून धरू नका. त्या दिवशी पोळ्या मुलाने लाटल्या तर त्याचे शिक्षण वाया जात नाही. कार्यकर्त्यांनीही या मुलांना व्यासपीठावर हार घालून मोकळे होऊ नये. त्यांना काम सांगावे, आणि वेळेवर घरी सोडावे.

वर्षावासाच्या दिवसांत विहारात रोज माणसे जमतात आणि प्रवेशाचे दिवसही तेव्हाच असतात. टेबल आणि खुर्ची प्रत्येक विहारात आहेच. माणूस तुमच्या घरात आहे. येत्या रविवारी त्याला घेऊन या.

जयभीम!