मोका पॉट गळतोय?

कुकरची रिंग गेली की वाफ कुठून सुटते, हे आपल्या घरांत सांगावं लागत नाही. इटलीत १९३३ साली निघालेल्या मोका पॉटचं दुखणंही बरंचसं तेच! कमरेच्या आट्यांतून पाणी ठिबकलं की आम्ही आधी कडेवर सांडलेली कॉफीची पूड पुसतो. मग रबरी रिंग बघतो. कडक झालेली, चिरलेली असेल तर सरळ बदलावी. माप कपांवरून मिळतं. आवळताना मात्र दांडा धरून पिळू नका.

बाजूच्या बारीक व्हॉल्व्हमधून वाफ सुटली, तर गोष्ट वेगळी. बहुधा पूड फार बारीक असते किंवा दाबून भरलेली, नाहीतर जाळी तुंबलेली. व्हॉल्व्ह कधीही बुजवायचा नाही. गॅस बंद करा आणि भांडं पूर्ण गार झाल्यावरच उघडा.