पाहुण्यांसाठी भिंती रंगवल्या, घरच्यांचं काय?

घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? कोपऱ्यातली जळमटं काढतो, पलंगावर धुतलेली चादर घालतो, ठेवणीतले कप बाहेर काढतो. त्यात वावगं काहीच नाही. पण त्याच पाहुण्यांसमोर घरातले दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर त्या चादरीचा आणि कपांचा काय उपयोग? गेली काही वर्षं आपल्या छत्रपती संभाजीनगरचं नेमकं असंच चाललंय.

आठवून पाहा. २०२३ च्या फेब्रुवारीत २७ आणि २८ तारखेला जी-२० च्या निमित्ताने ‘डब्ल्यू-२०’ची, म्हणजे महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या गटाची पहिली बैठक आपल्या शहरात झाली. देशोदेशीच्या कर्तबगार बायका इथे आल्या. त्यांच्यासाठी विमानतळापासूनचे रस्ते गुळगुळीत झाले, दुभाजकांत झाडं आली, भिंतींवर चित्रं आली, दरवाजांवर रोषणाई झाली. आम्ही मैत्रिणी रात्री मुद्दाम ती रोषणाई बघायला गेलो होतो. शहर नव्या नवरीसारखं दिसत होतं. आणि बरोबर एका महिन्याने, २९ मार्चच्या रात्री, रामनवमीच्या आदल्या दिवशी, किराडपुऱ्यात राममंदिराजवळ काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, एका माणसाचा जीव गेला. महिनाभरापूर्वी जगातल्या बायकांसमोर महिलांच्या प्रश्नांवर बोलणारं हे शहर, त्या रात्री स्वतःच्या बायकांना ‘खिडकी उघडू नका’ एवढंच सांगू शकलं.

मैत्रिणींनो, आपल्या शहराला ‘राज्याची पर्यटन राजधानी’ म्हणतात. म्हणायला जागाही आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली. वेरूळ तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, वाटेत देवगिरीचा किल्ला, शहरात पाणचक्की आणि मकबरा, पैठणला नाथांची समाधी आणि पैठणीचे माग. वेरूळला मंगळवारी सुट्टी आणि अजिंठ्याला सोमवारी, त्यामुळे आलेला पाहुणा नीट बघायचं म्हटलं तर दोन-तीन दिवस सहज राहतो. म्हणजे हॉटेलची खोली, जेवण, टॅक्सी, गाईड, हिमरू शालीचं दुकान, सगळ्यांच्या हाताला काम.

हे काम कोणाचं आहे ते जरा जवळून बघायला हवं. हिमरू विणणारे हात बहुतेक मुसलमान कारागिरांचे. पैठणीच्या मागावर बसणाऱ्यांत बायका भरपूर. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बायका दोन्ही वस्त्यांतल्या. आमच्या बचत गटात अशा तिघी-चौघी आहेत. दंगलीची बातमी टीव्हीवर झळकली की मुंबई-दिल्लीहून बुकिंग रद्द व्हायला लागतं. मालकाचं नुकसान होतंच, पण तो तग धरतो. रोजंदारीवरच्या बाईला मात्र ‘आठ दिवस येऊ नको’ असा निरोप येतो. त्या आठ दिवसांत तिच्या घरी दूध येत नाही आणि गटाचा हप्ता थकतो. दंगलीच्या पंचनाम्यात जळालेली दुकानं मोजतात, वाहनं मोजतात. हे न आलेलं दूध कोण मोजणार?

आणि हे काही एकदाच घडलेलं नाही. १९८८ ची दंगल आमच्या पिढीने लहानपणी बघितली. ‘संचारबंदी’ हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचण्याआधी रेडिओवर ऐकला. मग २०१८ च्या मे महिन्यात मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार या भागात एका रात्रीत केवढी जाळपोळ झाली. दोन जीव गेले, त्यातला एक तर कोवळा मुलगा होता. तेव्हा निमित्त काय सांगितलं गेलं? अनधिकृत नळजोडण्या तोडण्याचं! ज्या शहरात वर्षानुवर्षं आठवड्यातून एखाद्या दिवशी नळाला पाणी येतं, तिथे पाण्यावरून डोकी भडकतात यात नवल नाही. पण पाण्याचं भांडण महापालिकेशी असायला हवं होतं, ते रात्रीतून धर्माचं कसं झालं? त्याच वर्षी त्याच्या दोनच महिने आधी कचऱ्यावरून मिटमिट्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली होती. नारेगावच्या लोकांनी कचरा घ्यायला नकार दिला आणि सगळं शहर आठवडेच्या आठवडे कचऱ्याच्या ढिगात बसलं. मिटमिटा म्हणजे दौलताबाद-वेरूळला जायच्या वाटेवरचं गाव. पाहुण्यांनी बसच्या खिडकीतून काय बघितलं असेल याची कल्पनाच करवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की दंगल आकाशातून पडत नाही. न आलेलं पाणी, न उचललेला कचरा, न मिळालेली नोकरी हे सगळं आधीच साठलेलं असतं. त्याला काडी लावणारे बाहेरून येतात, कधी निवडणूक आली म्हणून, कधी कोणाला पुढारी व्हायचंय म्हणून. आणि काडी लागल्यावर पळायला पोरं तयारच असतात.

ती पोरं कोण? इथे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. नाक्यावर रोज दिसणारीच पोरं आहेत ती. बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाके फोडत कॉलेजच्या रस्त्यावर घिरट्या घालणारी. मध्यरात्री भर चौकात तलवारीने केक कापणारी. मकबऱ्याच्या आवारात परदेशी मुलगी दिसली की ‘एक सेल्फी’ म्हणत तिला घेराव घालणारी. टेकडीवर, किल्ल्याच्या वाटेवर बाटल्या फोडून ठेवणारी. आणि हल्ली ज्याला आपल्याकडे ‘बटन’ म्हणतात, त्या झोपेच्या गोळ्या नशेसाठी खाऊन बेभान फिरणारी. यात हिरवं-भगवं असं काही नसतं. दोन्हीकडे सारखीच आहेत. आपण या सगळ्याला ‘पोरांची मस्ती’ म्हणतो, पोलीस ‘किरकोळ’ म्हणतात. पण ज्या पोराला आज कळलं की चौकात तलवार काढली तरी कोणी विचारत नाही, तो उद्या जमावात पुढे असणार, हे समजायला पदवी लागत नाही.

मकबऱ्याचंच बघा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या आठवणीत तिचा मुलगा आजमशहा याने ती वास्तू उभारली. मुलाने आईसाठी बांधलेली इमारत! आपल्या पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकावर तिचा फोटो असतो. आणि त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर आयाबहिणींना धक्के खात, टोमणे ऐकत फिरावं लागतं. जिथे आपल्याच मुली संध्याकाळी एकट्या जायला धजत नाहीत, तिथे परक्या मुलींनी निर्धास्त यावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

आता कोणीतरी म्हणेलच, ‘मग तुम्ही आयांनीच पोरांना वळण लावा ना!’ हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकायला मिळतं. बरं, लावू. मुलगा रात्री किती वाजता येतो, त्याच्या खिशात काय आहे, त्याच्या मोबाइलवर कोणते गट आहेत, हे आईने बघायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण बापाने बघायला नको का? आणि जो नगरसेवक, जो ‘भाऊ’ त्याला मिरवणुकीसाठी टी-शर्ट, पेट्रोल आणि वर दारू देतो, त्याच्या वळणाचं काय? आई सकाळी दोन घरची कामं करून येईपर्यंत तिचा मुलगा दुसऱ्याच कोणाच्या तरी ‘कामाला’ लागलेला असतो. सगळा संस्कारांचा भार आईच्या डोक्यावर टाकून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे आता चालणार नाही.

दंगलीनंतरचं शहर बायकांच्या नजरेतून बघितलं की कळतं, तणाव म्हणजे काय. गुलमंडी-औरंगपुऱ्यात कॉलेजला किंवा क्लासला जाणाऱ्या मुलीचं शिक्षण ‘वातावरण निवळेपर्यंत’ थांबतं. मुलाचं थांबत नाही. वातावरण निवळतं, पण क्लासची फी बुडालेली असते आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा त्या गल्लीत यायला तयार नसते. आणि वर्षानुवर्षं एकमेकींकडे शेवया आणि पुरणपोळ्या पाठवणाऱ्या दोन शेजारणी महिना-दोन महिने एकमेकींकडे बघत नाहीत. भांडण त्यांचं नसतंच मुळी. लोक काय म्हणतील, याची भीती असते.

नावावरूनही आपल्याकडे बरंच रणकंदन झालं. २०२३ च्या २४ फेब्रुवारीला, त्या बैठकीच्या तीनच दिवस आधी, शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आली. कोणी पेढे वाटले, कोणी उपोषणाला बसलं. ज्याच्या त्याच्या भावना ज्याच्या त्याच्यापाशी. पण मलिक अंबरने वसवलं तेव्हाही या शहराला पाणी हवं होतं, आणि त्याने नहरी बांधून ते आणलं. शहर नावाने ओळखलं जातं आणि वागण्याने लक्षात राहतं. शंभुराजांचं नाव लावायचं आणि त्यांच्या नावाच्या शहरात लेकीबाळींना रात्री आठनंतर बाहेर पडता येऊ नये, हे त्या नावाला शोभतं का?

२०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून पुन्हा राज्य तापलं. नागपुरात १७ मार्चला हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. आपल्याकडे सुदैवाने तसं घडलं नाही, पण खुलताबादला बंदोबस्त लागला, बॅरिकेड आले. आता खुलताबाद म्हणजे काय? त्याच गावात भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीला आपल्यापैकी कितीतरी जणी रात्रभर चालत तिथे जातात. त्याच गावात सूफी संतांचे दर्गे आहेत आणि उरुसाची जत्रा भरते. मारुतीच्या भाविकांना आणि उरुसाला आलेल्यांना चहा पाजणारी हॉटेलं तीच. शेजारी देवगिरीवर नाथांचे गुरू जनार्दनस्वामी सुलतानाच्या चाकरीत किल्लेदार होते. आणि खुद्द नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं कडकडून भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या माणसाला जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

नुसती तक्रार करून थांबायचं नाही म्हणून चार गोष्टी सुचवते.

सणावाराआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे जाऊन बघा, पहिल्या रांगेत पुढारी आणि मंडळांचे अध्यक्ष. बायका असल्याच तर दोन-तीन, मागच्या खुर्च्यांवर. या समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि त्या कोणाच्या पत्नी म्हणून नकोत. अंगणवाडी ताई, आशा ताई, शाळेतल्या बाई, बचत गटाच्या अध्यक्ष यांना घ्या. कोणत्या गल्लीत कोणतं पोर बिघडतंय, कोणत्या घरात गोळ्या विकल्या जातात, हे खबऱ्याआधी त्यांना कळतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गुंगीच्या गोळ्या विकणाऱ्या दुकानांवर आणि त्या बाहेरून आणणाऱ्यांवर सतत कारवाई हवी. एखादा छापा, पेपरात फोटो आणि पुन्हा सगळं सामसूम, असं नको. चौकात तलवार काढणाऱ्यावर पहिल्याच वेळी गुन्हा दाखल व्हावा, त्याचं आडनाव न बघता. दामिनी पथक कॉलेजबाहेर दिसतं तसं पर्यटनस्थळांवरही रोज दिसू दे.

पाहुण्यांच्या वाटेवर जे दिवे लागले ते वस्त्यांच्या वाटेवरही लागू देत. आणि शहरात बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारी स्वच्छतागृहं हवीत. रंगवलेल्या भिंतींपेक्षा परदेशी बाईला आणि आपल्या भाजीवालीला त्यांचीच गरज जास्त आहे.

आणि चौथी गोष्ट आपल्या हातातली. मोबाइलवर ‘अमुक भागात असं घडलं’ असा मजकूर आला की तो पुढे ढकलण्याआधी त्या भागातल्या आपल्या ओळखीच्या बाईला एक फोन करायचा. आमच्या गटात हा नियमच करून टाकलाय. दहातल्या नऊ वेळा पलीकडून उत्तर येतं, ‘अगं काही नाही, मी आत्ता तिथूनच भाजी घेऊन आले.’ मात्र त्यासाठी त्या भागात आपली ओळखीची बाई असायला हवी. नसेल तर ती आधी करून घ्या. हळदी-कुंकवाला तिला बोलवा, ईदेला तिच्याकडे जा. दंगलीच्या रात्री ओळख काढायला वेळ नसतो.

पर्यटक आले पाहिजेत, नक्कीच आले पाहिजेत. पण आधी हे शहर इथे राहणाऱ्या बाईला निर्धास्त फिरण्यासारखं करा. पुढच्या शांतता समितीची बैठक लागेल तेव्हा आपापल्या ठाण्यात जा आणि मागच्या खुर्चीवर बसू नका.